इन्हेलर नीट कसा घ्यावा: दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांसाठी

गोळी गिळली की रुग्णाचे काम संपते. इन्हेलरचे तसे नाही. तोंडापासून श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत औषध नेण्याचे काम रुग्णाच्या श्वासालाच करावे लागते, आणि तो श्वास चुकीच्या वेळी, चुकीच्या वेगाने किंवा अर्धवट घेतला गेला तर उत्तमातले उत्तम औषधही जिभेवर आणि घशात बसून राहते. म्हणूनच इन्हेलर चालू असूनही धाप कमी होत नाही अशी तक्रार आली की अनुभवी छातीविकारतज्ज्ञ औषधाची मात्रा वाढवण्याआधी रुग्णाला म्हणतात, "तुमचा इन्हेलर काढा आणि घरी घेता तसा माझ्यासमोर घेऊन दाखवा." या दोन मिनिटांच्या तपासणीतून जे कळते ते पुष्कळदा मोठ्या चाचण्यांतूनही कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

१९७५ ते २०१४ या काळातील अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्हेलर अचूक घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण त्यात सुमारे ३१ टक्केच आढळले, आणि चार दशकांत ते सुधारलेही नव्हते. फवाऱ्याचा पंप वापरणाऱ्यांत तीन चुका ठळक होत्या: पंप दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ न बसणे, श्वासाचा वेग व खोली चुकणे आणि शेवटी श्वास रोखून न धरणे. यांतली प्रत्येक चूक निम्म्याच्या जवळपास रुग्णांत होती. पावडरचा इन्हेलर वापरणाऱ्यांत आधी श्वास पूर्ण बाहेर न सोडण्याची चूक सर्वाधिक दिसली. याचा दोष रुग्णांना देऊ नये, कारण कित्येकांच्या हाती चिठ्ठी आणि खोके यांपलीकडे काही दिलेलेच नसते. आणि आरोग्यक्षेत्रातल्या अनेकांनाही इन्हेलर अचूक घेऊन दाखवता येत नाही, हेही अभ्यासांतून वारंवार पुढे आले आहे.

औषध छातीत पोहोचते तरी कसे

इन्हेलरमधून निघणारे कण एकसारखे नसतात. साधारणपणे ५ मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण तोंडाच्या मागच्या भागावर आणि घशावर आदळून तिथेच राहतात, १ ते ५ मायक्रॉनचे कण श्वासनलिकांत जाऊन बसतात आणि त्याहून बारीक कणांपैकी बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत निघून जातात. सर्वसाधारण फवारा पंप व्यवस्थित घेतला तरी सुमारे १० ते २० टक्केच औषध फुप्फुसांत पोहोचते. बाकीचे तोंडात, घशात आणि तिथून पोटात जाते. चुकीच्या पद्धतीने घेतल्यास हा आधीच लहान असलेला वाटा नगण्य होतो. इतके थोडे औषध पुरते, कारण ते थेट सुजलेल्या किंवा आकसलेल्या श्वासनलिकेवर पडते. सालब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, तर पंपाच्या एका फवाऱ्यात असतात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके औषध असते, आणि ते सगळ्या शरीरभर फिरून हातांचा कंप व छातीची धडधड वाढवते.

हे गणित मी मुद्दाम सविस्तर मांडतो आहे, कारण "पंप शेवटचा उपाय आहे", "पंपाची सवय लागते" या समजुतींपायी माणसे वर्षानुवर्षे गोळ्या खात राहतात. दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा फुप्फुसांचा आजार) हे दीर्घ मुदतीचे आजार आहेत. औषध थांबवल्यावर त्रास परत येतो तो आजार तिथेच असल्यामुळे, व्यसन जडल्यामुळे नव्हे. स्टेरॉइडच्या भीतीबाबतही हेच म्हणता येईल. इन्हेलरमधून दिवसाला काही शे मायक्रोग्रॅम स्टेरॉइड जाते. ते टाळल्यामुळे दम्याचा मोठा झटका आला, तर प्रौढाला रोज ४० मिलिग्रॅमच्या आसपास प्रेडनिसोलोन या पोटात घ्यायच्या स्टेरॉइडचा काही दिवसांचा कोर्स घ्यावा लागतो. वर्षातून असे दोनतीन कोर्स झाले की ज्या स्टेरॉइडला घाबरून इन्हेलर टाळला तेच कितीतरी अधिक प्रमाणात शरीरात गेलेले असते.

हातातला इन्हेलर कशासाठी आहे, हे आधी ओळखा

पद्धत शिकण्याआधी प्रत्येक रुग्णाला आपल्या इन्हेलरचे काम सांगता आले पाहिजे. काही औषधे आकसलेली श्वासनलिका लगेच सैल करतात आणि काही मिनिटांत आराम देतात. सालब्युटामॉल हे त्यांतले सर्वांत परिचित. इन्हेलरमधली स्टेरॉइडे श्वासनलिकेची सूज हळूहळू उतरवतात. त्यांचा परिणाम लगेच जाणवत नाही आणि त्यामुळेच लोक ती मध्येच सोडून देतात. तिसरा गट श्वासनलिका बारा ते चोवीस तास उघडी ठेवणाऱ्या औषधांचा. एका इन्हेलरमध्ये दोन किंवा तीन औषधे एकत्रही असतात. रंगावरून ओळखण्यापेक्षा औषधाचे नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण रंगांचा संकेत सगळे उत्पादक सारखा पाळत नाहीत.

दम्याबाबत डॉक्टरांच्या मतात अलीकडे मोठा बदल झाला आहे. दम्यावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांवर केवळ सालब्युटामॉलसारख्या आराम देणाऱ्या औषधाने उपचार करू नयेत. त्यांच्या उपचारात इन्हेलरमधले स्टेरॉइड असलेच पाहिजे. कारण सरळ आहे. श्वासनलिका सैल झाल्याने बरे वाटते, पण आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या साध्या सर्दीत ती जिवावर बेतू शकते. म्हणून आता स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित इन्हेलर त्रास होईल तेव्हा, आणि गरजेप्रमाणे रोजही, वापरण्याची पद्धत अनेक डॉक्टर पसंत करतात. फॉर्मोटेरॉल हे श्वासनलिका दीर्घकाळ उघडी ठेवणारे औषध असूनही लवकर काम सुरू करते, त्यामुळे हे शक्य होते. प्रत्येक एकत्रित इन्हेलर मात्र असा वापरता येत नाही, म्हणून ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वर्षभरात आराम देणाऱ्या पंपाचे तीन किंवा अधिक डबे संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही आणि गंभीर झटक्याचा धोका वाढला आहे, असे समजून डॉक्टरांकडे जावे.

सीओपीडीत चित्र वेगळे आहे. तिथे मुख्य भर श्वासनलिका दीर्घकाळ उघडी ठेवणाऱ्या औषधांवर असतो, आणि स्टेरॉइड सर्वांना सरसकट दिले जात नाही, कारण या रुग्णांत त्यामुळे न्यूमोनियाचा धोका काहीसा वाढतो. ज्यांचा आजार वारंवार उसळतो आणि रक्तातील इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी एका मायक्रोलिटरमागे ३०० किंवा अधिक असतात, त्यांना त्याचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते. सोबत दमाही असेल तर स्टेरॉइड टाळता येत नाही. शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा इन्हेलर "त्यांना लागू पडला" म्हणून घेऊ नये, तो यासाठी.

फवाऱ्याचा पंप

दाबून फवारा सोडणारा पंप १९५६ मध्ये बाजारात आला. औषध कंपनीत काम करणाऱ्या एका डॉक्टरांच्या दमा असलेल्या मुलीने, केसांच्या फवाऱ्यासारखे आपले औषध का मिळू शकत नाही, असा प्रश्न विचारल्यावरून ही कल्पना पुढे सरकली, असे त्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेव्हापासून साधन तेच, आणि अडचणही तीच: फवारा अतिशय वेगाने सुटतो, आणि त्याच क्षणी श्वास आत जात असावा लागतो.

तो घेताना ताठ बसावे किंवा उभे राहावे. झाकण काढून तोंडात धरायच्या भागात काही अडकलेले नाही ना, हे पाहावे. खिशात किंवा पिशवीत उघड्या राहिलेल्या पंपात नाणे किंवा अशी एखादी बारीक वस्तू शिरून ती श्वासाबरोबर आत ओढली जाऊ शकते. नंतर पंप चारपाच वेळा चांगला हलवावा, कारण बहुतेक पंपांत औषध द्रवात तरंगत असते आणि ते तळाशी बसते. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर सोबतच्या पत्रकात सांगितले असेल तितके फवारे आधी हवेत सोडावेत. मग पंपापासून तोंड बाजूला ठेवून आरामात जमेल तितका श्वास बाहेर सोडावा. पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, जीभ खाली ठेवावी आणि हनुवटी किंचित वर करावी. आता तोंडाने हळू श्वास घ्यायला सुरुवात करावी आणि सुरुवात होताक्षणीच पंप एकदा दाबावा. दाबल्यावर थांबू नये, तोच श्वास तसाच संथपणे चारपाच सेकंद घेत राहावा. छाती भरली की पंप काढून, तोंड मिटून, दहा सेकंद किंवा जमेल तितका वेळ श्वास रोखून धरावा आणि मग सावकाश सोडावा. दुसरा फवारा सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, हे सगळे पुन्हा करावे. एका श्वासात दोनदा दाबल्याने दुप्पट औषध मिळत नाही.

यातला "हळू" हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. धाप लागलेला माणूस स्वाभाविकपणे झटका देऊन श्वास ओढतो, आणि वेगाने निघालेला फवारा आणखी वेगाने घशावर आदळतो. काहींना फवाऱ्याचा गार स्पर्श घशाला होताच श्वास आपोआप थांबतो. आरशासमोर पंप घेऊन पाहावे. तोंडातून, नाकातून किंवा पंपाच्या वरच्या बाजूने पांढरा धूर निसटताना दिसला, तर त्या फवाऱ्यातले पुष्कळसे औषध वाया गेले. दाबणे आणि श्वास यांचा मेळ बसतच नसेल, तर महिनोन्‌महिने कसरत करत बसण्यापेक्षा स्पेसर घ्यावा.

स्पेसर: साधा, आणि तरीही उपेक्षित

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी किंवा फुगीर भांडे. फवारा त्यात सुटतो, त्याचा वेग मोडतो, मोठे कण भिंतींना चिकटतात आणि बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. त्यामुळे दाबण्याच्या आणि श्वासाच्या क्षणाचा मेळ फारसा काटेकोर असावा लागत नाही, आणि घशात बसणारे औषध कमी झाल्याने आवाज घोगरा होणे किंवा तोंडात बुरशी येणे हे स्टेरॉइडचे त्रासही घटतात. फवारा पंपातून स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येकाने, वय काहीही असो, स्पेसर वापरावा, असा बहुतेक तज्ज्ञांचा आग्रह असतो. तरीही "स्पेसर लहान मुलांसाठी असतो" असे म्हणून प्रौढ माणसे तो कपाटात ठेवून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण इतक्या साध्या वस्तूने इतका फरक पडण्याची उदाहरणे उपचारशास्त्रात फार नाहीत.

पंप हलवून स्पेसरला जोडावा, श्वास सोडावा, स्पेसरचे तोंड ओठांत घट्ट धरावे, पंप एकदा दाबावा आणि लगेच संथ, खोल श्वास घेऊन तो दहा सेकंद रोखावा. एवढा खोल श्वास जमत नसेल तर स्पेसर तोंडातच ठेवून पाचसहा नेहमीचे श्वास घ्यावेत. फवारा सोडून वेळ काढू नये, कारण औषध काही सेकंदांतच भिंतींना चिकटू लागते; आणि एका वेळी एकच फवारा सोडावा. काही स्पेसरमधून शिटीसारखा आवाज येतो. तो आला म्हणजे श्वास गरजेपेक्षा वेगाने घेतला जात आहे. शिटी वाजली की औषध बरोबर गेले, असे उलटे समजणारेही पुष्कळ भेटतात.

साधारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्पेसरला मास्क लावावा लागतो. मास्क नाक आणि तोंड यांवर फट न राहता बसला पाहिजे; थोडी फट राहिली तरी मिळणारे औषध बरेच घटते. रडणारे मूल खोल श्वास घेते, तेव्हा औषध अधिक जाते, ही समजूत चुकीची आहे. रडताना उच्छ्वास लांब आणि श्वास तुटक असतो, आणि औषध घशात अडकते. म्हणून मुलाला मांडीवर शांत बसवून, आधी नुसता मास्क हाताळू देऊन, खेळण्यातल्या बाहुलीला लावून दाखवून मग औषध द्यावे. मुलाला नळी ओठांत धरता येऊ लागली की मास्क काढून टाकावा, कारण नाकातून जाणारे औषध नाकातच बरेचसे गाळले जाते.

स्पेसर पत्रकात सांगितल्याप्रमाणे, बहुधा आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा, कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून धुवावा आणि हवेवरच वाळू द्यावा. कपड्याने पुसल्यास प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषधाचे कण भिंतींकडे ओढले जातात. नळीला तडा गेला किंवा झडप वाकडी झाली, की स्पेसर बदलावा. हाताशी स्पेसर नसताना काय करावे, याचेही उत्तर आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासात, ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडून आणि फटी बुजवून बनवलेला स्पेसर दम्याचा झटका आलेल्या मुलांमध्ये विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला होता. प्लॅस्टिकचा पेला मात्र तितका उपयोगी ठरला नाही.

पावडरचा इन्हेलर

इथे नियम उलटतो. पावडरच्या इन्हेलरमध्ये औषध ढकलणारा वायू नसतो. रुग्णाच्या श्वासाच्या ओढीनेच भुकटीचे पुंजके फुटून त्यांचे बारीक कण होतात. म्हणून श्वास पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढावा लागतो. साधनानुसार निदान मिनिटाला ३० लिटर, आणि अनेक साधनांत सुमारे ६० लिटर इतका वेग अपेक्षित असतो. हळू सुरुवात करून नंतर जोर लावल्याचा उपयोग होत नाही, कारण भुकटी पहिल्या ओढीतच बाहेर पडते. फवाऱ्याला हळू आणि पावडरला जोरात: एवढे लिहून इन्हेलरच्या डबीवर चिकटवले तरी अनेकांची मोठी चूक टळेल.

मात्रा भरण्याची रीत प्रत्येक साधनात निराळी असते. कशात तळ फिरवायचा असतो, कशात खटका सरकवायचा असतो, तर कशात कॅप्सूल घालायची असते. ते पत्रकातून आणि प्रत्यक्ष दाखवून घेऊन शिकावे. सगळ्यांना लागू असलेली गोष्ट अशी की मात्रा भरल्यावर साधन हलवू किंवा उलटे करू नये, आणि त्यात कधीही फुंकू नये. फुंकरीने पावडर उडते आणि उच्छ्वासातल्या ओलाव्याने तिच्या गुठळ्या होतात. तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडावा, साधन ओठांत घट्ट धरावे, एका दमात जोराने ओढावे, आणि दहा सेकंद श्वास रोखावा. कॅप्सूलच्या साधनात कोरड्या हाताने त्याच वेळी कॅप्सूल पाकिटातून काढावी, सांगितले असेल तसे भोक पाडून बटण सोडून द्यावे, आणि ओढताना कॅप्सूल गरगरल्याचा आवाज ऐकावा. नंतर ती उघडून पाहावी. पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढावे. ही कॅप्सूल गिळायची नसते. हे सांगणे अनावश्यक वाटेल, पण गिळल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. काही पावडरची चव किंवा स्पर्श जाणवतच नाही, म्हणून "गेले नसेल" असे वाटून दुसरी मात्रा घेऊ नये. मात्रा मोजणारा आकडा पाहावा. हे साधन पाण्याने धुवू नये, न्हाणीघरात ठेवू नये, कोरड्या कपड्याने पुसावे.

तिसरा प्रकार मंद धुक्याच्या इन्हेलरचा आहे. त्यात स्प्रिंगच्या दाबाने औषधाचे धुके सुमारे दीड सेकंद सावकाश निघत राहते. त्यामुळे मेळ साधायला थोडा अवधी मिळतो. श्वास फवारा पंपासारखाच हळू घ्यायचा असतो. तळ फिरवायला मात्र मनगटात थोडा जोर लागतो.

कोणाला कोणते साधन

योग्य पद्धतीने घेतल्यास निरनिराळ्या साधनांतून मिळणारा गुण साधारण सारखाच असतो, यावर डॉक्टरांचे बऱ्यापैकी एकमत आहे. मतभेद आहेत ते कोणाला काय जमेल याबद्दल. काहींना स्पेसरसह पंप सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो तान्ह्या बाळापासून अतिवृद्धापर्यंत आणि झटक्याच्या वेळीही वापरता येतो. काही जण पावडरला प्राधान्य देतात, कारण त्यात दाबण्याचा मेळ साधावा लागत नाही आणि साधन खिशात मावते. माझ्या मते या वादात नावापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. रुग्णाच्या श्वासात जोर किती? बोटांत ताकद किती? आणि सांगितलेला क्रम त्याच्या लक्षात राहतो का? सीओपीडी बळावलेल्या वृद्धाचा श्वास पावडर फोडण्याइतका जोरदार नसेल, तर त्याला पावडर देणे म्हणजे औषध न देण्यासारखेच. तो जोर मोजण्याचे छोटे उपकरण असते आणि ती मोजणी करून घ्यावी. सांधेदुखीने बोटे आखडलेल्या रुग्णाला पंप दाबणे किंवा तळ फिरवणे जमत नाही. विसराळूपणा असेल तर घरातल्या कोणीतरी स्पेसर धरून औषध द्यावे. साधारण सहा वर्षांखालच्या मुलांवर पावडरचा भरवसा ठेवता येत नाही.

पर्यावरणाचाही विचार हल्ली होतो. जुन्या पंपांतला वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बदलला गेला. पण त्याजागी आलेला वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवू शकतो. पावडर आणि मंद धुके यांत तो वायू नसतो. ज्याला पावडर उत्तम जमते त्याने ती निवडणे चांगलेच. पण ज्याला जमत नाही त्याला केवळ या कारणासाठी बदलायला लावू नये, कारण आटोक्यात नसलेला दमा त्याच्या जिवाला आणि पर्यावरणालाही महागात पडतो.

एका रुग्णाला शक्यतो एकाच प्रकारचे साधन असावे. सकाळी हळू आणि संध्याकाळी जोरात ओढायला सांगितलेला माणूस दोन्ही गोष्टी चुकतो. दुकानात "तेच औषध आहे" म्हणून वेगळे साधन दिले गेले, तर ते घेऊन कोणीतरी दाखवल्याशिवाय वापरायला सुरुवात करू नये.

नेब्युलायझरबद्दल, म्हणजे द्रव औषधाचे धुके करून मास्कमधून देणाऱ्या यंत्राबद्दल, थोडे स्पष्ट लिहायला हवे. यंत्राचा आवाज आणि वाफ पाहून तो अधिक जालीम आहे असे वाटते. परंतु जिवावर न बेतलेल्या दम्याच्या झटक्यात स्पेसरमधून पुरेसे फवारे दिल्यास नेब्युलायझरइतकाच गुण येतो, आणि मुलांत हृदयाची धडधडही कमी होते, असे अभ्यास सांगतात. अतिशय गंभीर झटका किंवा सहकार्यच न करू शकणारा रुग्ण अशा ठिकाणी नेब्युलायझरला जागा आहेच. घरी तो असल्याचा खरा धोका असा की माणसे तासन्‌तास वाफ घेत बसतात आणि रुग्णालयात जायला उशीर होतो.

घेऊन झाल्यावर

स्टेरॉइड असलेला इन्हेलर घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी, गुळण्या कराव्यात आणि पाणी थुंकून टाकावे. दात घासण्याआधी इन्हेलर घेण्याची सवय लावली, तर आठवणही राहते आणि तोंडही धुतले जाते. सालब्युटामॉलच्या पंपाचे प्लॅस्टिक आठवड्यातून एकदा, धातूची डबी काढून ठेवून, कोमट पाण्याखाली धुवावे व पूर्ण वाळवावे, नाहीतर छिद्र बुजते. इतर पंपांबाबत पत्रक पाहावे. डबी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि रिकामी झाली तरी तिला भोक पाडू नये.

पंप संपला कधी, हे ओळखण्यात मोठी फसगत होते. त्यातले मोजलेले फवारे संपल्यावरही उरलेल्या वायूमुळे फवारा उडतच राहतो, पण त्यात पुरेसे औषध नसते. डबी पाण्यात तरंगते का ते पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही आणि तिने छिद्र बिघडू शकते. आकडा दाखवणारा पंप असेल तर तो पाहावा. नसेल तर हिशेब मांडावा. २०० फवाऱ्यांचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ दोन दोन फवारे घेतल्यास ५० दिवसांत संपतो. ती तारीख पहिल्याच दिवशी डबीवर लिहून ठेवावी.

झटक्याच्या वेळी

झटका आल्यावर काय करायचे, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रुग्णाला आडवे न करता ताठ बसवावे, आराम देणारे औषध शक्यतो स्पेसरमधून एकेक फवारा करून द्यावे आणि लेखी सूचनेत दिलेल्या संख्येनंतरही आराम पडला नाही, तर तात्काळ रुग्णवाहिका बोलवावी. एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, गुंगी येणे, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे आणि घरघर अचानक थांबूनही त्रास तसाच असणे ही जिवाच्या धोक्याची चिन्हे आहेत. यांतले शेवटचे चिन्ह फसवे असते. आवाज थांबला म्हणजे बरे वाटले असे नव्हे, हवा आत-बाहेर जाणेच कमी झालेले असू शकते. ही चिन्हे दिसल्यास फवारे देत देतच रुग्णालयाकडे निघावे, फवारे पुरे होण्याची वाट पाहू नये.

डॉक्टरांकडे जाताना

एकदा नीट शिकलेली पद्धतही चार ते सहा आठवड्यांत बिघडू लागते, असे आढळले आहे. म्हणून प्रत्येक भेटीला घरातले सगळे इन्हेलर आणि स्पेसर सोबत न्यावेत आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून म्हणावे, "मी घेऊन दाखवतो, चुकत असेल तर सांगा." घरच्यांनी रुग्ण इन्हेलर घेतानाचे चित्रण मोबाइलवर करून आणले तर आणखी चांगले, कारण दवाखान्यात माणूस नेहमीपेक्षा सावध असतो. आठवड्यातून किती मात्रा चुकतात, तेही खरे सांगावे. चुकलेल्या मात्रा लपवल्या तर औषध लागू पडत नाही असा समज होऊन डॉक्टर ते वाढवतात. सगळे नीट चालले असेल आणि दमा सुमारे तीन महिने आटोक्यात राहिला असेल, तर मात्रा कमी करता येईल का, हा प्रश्न त्याच भेटीत विचारावा. ती स्वतःच्या मनाने कमी करू नये.